प्रांतांतील एक बॅलेमंडळी

पानगळीचे दिवस आले, कीं अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटी ह्या डोंगराळ मुलखांतल्या शहरीं मुलांची एक परीक्षा भरते. परीक्षेस बसणारीं मुलें शाळकरी वयाचीं. त्यांचा ताल पाहतात, पावलें पाहतात, सांगितलेलें चटकन् उमजतें कीं नाहीं तें पाहतात. आणि त्याबरोबर त्यांची उंचीहि पाहतात. ह्याचें कारण अगदीं व्यावहारिक आहे. वेष आधींच शिवून तयार असतात. उंदराच्या वेषांत मावेल तेवढेंच मूल उंदीर होणार, आणि शिपायांच्या रांगेंत एकाचीच टोपी वर निघाली तर सारी रांग विसकटणार. त्यामुळें गेल्या वर्षीं रंगभूमीवर मिरविलेली एखादी मुलगी यंदां दोन इंच वाढली, एवढ्याच अपराधावरून आपली जागा गमावून बसते. परीक्षेंत मागें पडण्याचें इतकें निर्दोष कारण दुसऱ्या कोणत्याहि शाळेंत सांपडावयाचें नाहीं.

ही सारी धांवपळ डिसेंबरांत होणाऱ्या 'नटक्रॅकर' नांवाच्या बॅलेसाठीं असते, आणि तो सादर करणाऱ्या मंडळीचें नांव 'बॅले वेस्ट' असें आहे. युटा राज्याची ही नामांकित नृत्यमंडळी. दर नाताळांत सॉल्ट लेक सिटींतील कॅपिटल नाट्यगृहांत तिचे खेळ होतात. येत्या नाताळाचे वेध तेथील घरांना आतांपासूनच लागलेले असतील. नटक्रॅकर म्हणजे अक्रोड फोडण्याचें हत्यार. आपल्या घरांतील अडकित्त्याचा दूरचा सोयरा म्हणावयास हरकत नाहीं. युरोपांत तें लांकडी शिपायाच्या आकाराचें करतात. शिपायाच्या जबड्यांत अक्रोड ठेवावयाचा आणि पाठीमागची दांडी दाबावयाची. असलें एक खेळणें नाताळच्या रात्रीं एका मुलीला भेट मिळतें, मध्यरात्रीं घरांतील उंदरांचें सैन्य चालून येतें, खेळण्यांतील शिपाई त्यांच्याशीं लढतात, आणि मुलीनें नेमकी वेळ साधून आपली सपाता उंदरांच्या राजावर फेंकल्यामुळें लढाई जिंकली जाते. पुढें तो लांकडी शिपाई राजपुत्र होतो, आणि दोघें हिमवर्षावांतून मिठाईच्या राज्यांत जातात. कथा एवढीच. प्रौढ माणसानें ऐकून सोडून द्यावी अशी. परंतु चायकोव्हस्कीच्या संगीतानें तिला असें कांहीं धरून ठेविलें आहे, कीं ती आज जगांतील सर्वांत अधिक वेळां होणाऱ्या बॅलेंपैकीं एक झाली आहे.

बॅले हा शब्द आपल्याकडे अपरिचित नाहीं. उदयशंकरांमुळें तो सुशिक्षित घरांत पोंचला, आणि १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत शांती बर्धन यांनीं मुंबईंत 'लिटल बॅले ट्रूप' ही मंडळी उभी केली, तेव्हां तो आणखी रुळला. नटांनीं कळसूत्री बाहुल्यांप्रमाणें हालचाली करून दाखविलेलें त्यांचें रामायण प्रसिद्धच आहे. ही मंडळी १९६४ मध्यें मुंबई सोडून ग्वाल्हेरला गेली आणि १९८४ मध्यें भोपाळला स्थिरावली. महानगर सोडून आडबाजूच्या गांवीं गेलेली कला तेथें जगते कीं सुकते, हा प्रश्न म्हणूनच केवळ परदेशचा नाहीं. समज असा, कीं कलेंतील नवें जें कांहीं घडावयाचें तें मोठ्या शहरांत घडतें. लहान शहरांनीं तें उसनें आणावें, जमेल तसें वठवावें, आणि 'प्रांतिक' हें किंचित् कमीपणाचें विशेषण निमूटपणें सोसावें. बॅले वेस्टचा इतिहास ह्या समजाला धरून नाहीं; म्हणून तो थोडा विस्तारानें सांगण्याजोगा आहे.

युटाची वस्ती मॉर्मन पंथाच्या लोकांनीं १८४७ मध्यें वसविली. मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफी ह्यांपासून दूर राहणारा हा पंथ; तेव्हां नृत्याचेंहि त्याला वावडें असावें असें वाटतें. पण तसें नव्हतें. नृत्य आणि नाटक ह्यांना पंथाच्या पुढाऱ्यांचें उत्तेजन होतें. वाळवंटवजा प्रदेशांत येऊन पंधरा वर्षें होतात न होतात तोंच, म्हणजे १८६२ मध्यें, त्यांनीं सॉल्ट लेक सिटींत एक भव्य नाट्यगृह बांधून काढलें. आगगाडी त्या मुलखांत १८६९ मध्यें आली. नाट्यगृह तिच्या सात वर्षें आधींचें. पोटापाण्याची सोय लागल्यावर कलेकडे पाहूं, असें म्हणणाऱ्यांनीं हे दोन सन शेजारीं शेजारीं मांडून पाहावे.

त्याच राज्यांतल्या ब्रिगॅम सिटी ह्या लहान गांवीं ख्रिस्टेन्सेन नांवाचें कुटुंब राहत असे. मूळ डेन्मार्कचें. घरांत संगीत आणि नृत्य शिकविण्याचा व्यवसाय आजोबांपासून चालत आलेला. ह्या घरांत विलम, हॅरोल्ड आणि ल्यू हे तिघे भाऊ जन्मले. थोरल्या विलमचा जन्म १९०२ चा. आपल्याकडील एखाद्या गवयाच्या घराण्यांत मुलगा बोलूं लागण्याआधीं सुरांत रडतो असें म्हणतात, तसेंच कांहीं ह्या घरांत पावलांच्या बाबतींत असावें. इटालियन गुरूंच्या परंपरेंतलें नृत्य ते शिकले. परंतु शिकून करावयाचें काय? त्या काळच्या अमेरिकेंत बॅलेवर पोट भरेल अशी जागा नव्हती. भावांनीं वॉदव्हिलचा रस्ता धरला. वॉदव्हिल म्हणजे एकाच संध्याकाळच्या खेळांत गाणें, नकला, जादू, कसरत आणि शिकविलेलीं जनावरें ह्यांची मिसळ. त्या मिसळींत कांहीं मिनिटें बॅलेचीं. गांवोगांव हिंडावें, विदूषकानें हंसवून सोडलेल्या प्रेक्षकांपुढें उभें राहावें, आणि त्यांना टोकावर तोललेलें पाऊल पाहावयास लावावें, असा हा धंदा. ज्याला मिजासखोर प्रेक्षकांपुढेंच कला दाखवावयाची संवय आहे, त्याला ही तालीम कधींच मिळत नाहीं. विलमच्या पुढील सर्व कामांत तिचा उपयोग दिसतो.

बोलपट आले आणि वॉदव्हिल बसलें. १९३२ मध्यें विलमनें ऑरेगन राज्यांतील पोर्टलंड येथें नृत्यशाळा घातली. तेथून १९३७ मध्यें तो सान फ्रान्सिस्कोच्या ऑपेराशीं जोडलेल्या बॅलेमंडळींत गेला, आणि वर्षभरांत तिचा प्रमुख झाला. न्यूयॉर्कपासून तीन हजार मैलांवरच्या ह्या शहरांत त्यानें १९३९ मध्यें 'कोपेलिया' आणि १९४० मध्यें 'स्वान लेक' हे बॅले संपूर्ण बसविले. अमेरिकन मंडळीनें 'स्वान लेक' अथपासून इतिपर्यंत करावा, असें त्यापूर्वीं घडलें नव्हतें. १९४२ मध्यें ऑपेरानें बॅलेचा भार सोडला. तेव्हां विलम आणि हॅरोल्ड ह्या दोघां भावांनीं शाळा व मंडळी स्वतःच्या शिरावर घेतली. देश महायुद्धांत, धाकटा ल्यू सैन्यांत, हातीं पैसा नाहीं. आणि अशा वेळीं त्यांनीं जो बेत केला तो 'नटक्रॅकर'चा.

ह्या बॅलेचा तोंवरचा लौकिकहि फारसा चांगला नव्हता. १८९२ च्या डिसेंबरांत सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहांत तो प्रथम झाला. आंखणी बॅलेगुरु पेटिपाची, पण तो आजारी पडल्यामुळें नृत्यें बसविलीं त्याचा सहाय्यक लेव्ह इव्हानोव्ह ह्यानें. संगीताचें कौतुक झालें. बॅले मात्र टीकाकारांना रुचला नाहीं. पहिल्या अंकांत पोरांचाच गोंधळ फार आहे, मुख्य नर्तिकेला रात्र सरत आल्यावर काम मिळतें, अशा तक्रारी होत्या. गंमत ही, कीं पन्नास वर्षांनंतर दुसऱ्या खंडांत ज्या गुणामुळें हा बॅले घरोघर पोंचावयाचा होता, त्यालाच त्या रात्रीं दोष म्हणून नांव पडलें. पोरांचा गोंधळ हेंच तर त्याचें भांडवल.

विलमनें हा बॅले संपूर्ण असा कधींच पाहिलेला नव्हता. त्याचे कांहीं तुकडे अमेरिकेंत होत असत, तेवढेच ठाऊक. सुदैवानें रशियांतून परागंदा झालेलीं नर्तकी अलेक्झांड्रा दानिलोव्हा आणि नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीन हीं दोघें त्या सुमारास सान फ्रान्सिस्कोला आलीं होतीं. दोघांनींहि लहानपणीं मारिन्स्कीच्या शाळेंत शिकत असतांना ह्या बॅलेंत भाग घेतलेला. विलमनें त्यांना गांठून विचारपूस केली. नाताळचें झाड कसें वाढत जातें, कोण कोठून प्रवेश करतो, लढाई कशी होते, हें त्यांनीं सांगितलें. दानिलोव्हा उत्साहानें उठून मूळचीं पावलेंच करून दाखवूं लागली. तेव्हां बॅलन्शीननें तिला थांबविलें, आणि पावलें ह्याचीं ह्यालाच रचूं दे, असें सुचविलें, अशी हकीकत सांगतात. ह्या थांबविण्याला फार महत्त्व आहे. एरवीं सान फ्रान्सिस्कोला सेंट पीटर्सबर्गची एक धूसर नक्कल मिळाली असती. मिळाली ती एका युटावाल्याची रचना.

वेषांची कथा तर कोणत्याहि गृहिणीनें कान देऊन ऐकावी अशी आहे. सगळ्या वेषभूषेसाठीं सुमारें एक हजार डॉलर हातांत होते, आणि करावयाचे होते शंभराहून अधिक वेष. हें काम रसेल हार्टली नांवाच्या, विशीच्या आसपासच्या एका तरुणावर सोंपविलेलें. युद्धामुळें कापडावर नियंत्रण होतें. एका गिऱ्हाइकाला दहा वारांपेक्षां अधिक कापड मिळत नसे. मग नर्तक-नर्तकींनींच एकामागून एक रांगेंत उभें राहून दहा दहा वार कापड आणावें, असा उपाय निघाला. एका जुन्या नाट्यगृहाचा तांबडा मखमली पडदा मिळाला. तो कापून त्याचे अंगरखे झाले. ज्या पडद्यानें आयुष्यभर नटांना झांकलें, त्यालाच शेवटीं नटांच्या अंगावर जाण्याचा मान मिळाला. रेशनच्या दुकानापुढें ज्यांनीं आपल्या पाळीची वाट पाहिली आहे, त्यांना ह्या रांगेंतल्या नर्तकीचें चित्र डोळ्यांपुढें आणावयास कष्ट पडणार नाहींत.

२४ डिसेंबर १९४४ ह्या दिवशीं, नाताळच्या आदल्या संध्येला, सान फ्रान्सिस्कोच्या वॉर मेमोरियल ऑपेरा हाउसमध्यें हा खेळ झाला. अमेरिकन मंडळीनें केलेला हा पहिला संपूर्ण 'नटक्रॅकर'. शर्करापरीचें काम जिझेला काचालांत्सा हिनें केलें. ती सैन्यांत गेलेल्या ल्यूची पत्नी. तिच्या जोडीला राजपुत्र म्हणून खुद्द विलम नाचला. बाहेर बंदरांतून जहाजें पॅसिफिकच्या रणांगणाकडे सुटत होतीं, आणि आंत उंदरांचें सैन्य एका सपातेनें पराभूत होत होतें. दोन्हींत ज्यांचें कोणी ना कोणी होतें असे लोक त्या प्रेक्षागृहांत बसले असणार.

पुढची गोष्ट अशी. १९४९ पासून सान फ्रान्सिस्कोंत हा बॅले दरवर्षीं होऊं लागला. १९५१ मध्यें विलम आपल्या युटा राज्यांत परतला. तेथील विश्वविद्यालयानें त्याला नृत्य शिकविण्यासाठीं बोलाविलें होतें. मंडळी ल्यूच्या हातीं आली. ल्यू स्वतः थोर रचनाकार. त्यानें १९५४ मध्यें नवा 'नटक्रॅकर' रचला, आणि थोरल्या भावाचा बाजूला पडला. ह्यांत कोणी कोणावर अन्याय केला असें नाहीं. महानगराला नित्य नवें लागतें. पुढें २००४ मध्यें तेथें हेल्गी टोमासन ह्याची आणखी निराळी आवृत्ति आली. १९४४ सालच्या त्या रचनेला मात्र सान फ्रान्सिस्कोंत जागा उरली नाहीं.

ती उरली युटांत. १९५५ मध्यें विलमनें आपला 'नटक्रॅकर' सॉल्ट लेक सिटींत विश्वविद्यालयाच्या किंग्जबरी हॉलमध्यें उभा केला. साथीला मॉरिस आब्राव्हानेल ह्याच्या हाताखालचा युटा सिंफनी हा वाद्यवृंद. नाचणारे बहुतेक विद्यार्थी. लहान भूमिका गांवच्या मुलांकडे. तेव्हांपासून ह्या शहराचा आणि ह्या बॅलेचा संबंध जडला तो आजतागायत टिकून आहे. २०२४ मध्यें मूळ रचनेला ८० वर्षें झालीं. अमेरिकेंतील पहिला संपूर्ण 'नटक्रॅकर' पाहावयाची ज्याला इच्छा असेल त्याला आज न्यूयॉर्कला जाऊन उपयोग नाहीं, सान फ्रान्सिस्कोलाहि जाऊन उपयोग नाहीं. त्यानें डोंगर ओलांडून युटालाच गेलें पाहिजे. कधीं कधीं युटाच त्याच्याकडे येतें. राजधानी वॉशिंग्टनमधील केनेडी सेंटर ह्या नाट्यमंदिरानें ही मंडळी आपला 'नटक्रॅकर' घेऊन येण्यासाठीं एकाहून अधिक वेळां बोलाविली आहे. उसनें कोण कोणाकडून नेतें, हा हिशेब येथें उलटा होतो.

मंडळीला मंडळीचें रूप आलें तें १९६३ मध्यें. ग्लेन वॉकर वॉलेस नांवाच्या तेथील एका कलाप्रेमी बाईंच्या साह्यानें विलमनें 'युटा सिव्हिक बॅले' स्थापन केला. त्याच वर्षाअखेर फोर्ड संस्थेनें बॅलेसाठीं सत्त्याहत्तर लाख डॉलरांचें दान जाहीर केलें. त्यांतला सिंहाचा वाटा न्यूयॉर्कला गेला, आणि त्यावरून टीकेचा गदारोळ उठला. परंतु अनुदान मिळविणाऱ्या मोजक्या संस्थांत युटाचें नांव होतें, ही गोष्ट त्या लहान शहराला फार मोठी वाटली. १९६८ मध्यें मंडळीनें 'बॅले वेस्ट' हें नांव घेतलें, म्हणजे केवळ एका राज्याची न राहतां साऱ्या पश्चिमेची ती म्हणवूं लागली. १९७८ मध्यें विलम निवृत्त झाला, आणि २००१ मध्यें शंभरीला अवघें एक वर्ष उरलें असतां वारला. २००७ पासून मंडळीचें कलाप्रमुखपद ॲडम स्क्लूट ह्यांच्याकडे आलें.

आतां ज्या नाट्यगृहांत हे खेळ होतात त्याचेंहि दोन शब्दांत सांगितलें पाहिजे. कॅपिटल नाट्यगृह १९१३ मध्यें उघडलें, तें मुळीं वॉदव्हिलसाठीं. पुढें तें चित्रपटगृह झालें, मग जुनें झालें, आणि १९७८ मध्यें डागडुजी होऊन पुन्हां जिवंत नाटका-नृत्याकडे परतलें. वॉदव्हिलमध्यें कसरतपटूंच्या मागोमाग उभें राहून बॅले करणाऱ्या माणसाची रचना आज वॉदव्हिलच्याच जुन्या घरांत नांदत आहे. असा योग कादंबरीकारानें जुळवला असता तर वाचकांनीं त्याला बोल लाविला असता.

मंडळीचा हंगाम शरदांत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशीं संपतो. त्यांत जुने मोठे बॅले असतात, बॅलन्शीनच्या रचना असतात, आणि अगदीं नव्या, प्रथमच होणाऱ्या रचनाहि असतात. पण नाट्यगृह ओसंडून वाहतें तें डिसेंबरांत. अमेरिकेंतील बहुतेक सर्व बॅलेमंडळींचें असेंच आहे; एका 'नटक्रॅकर'च्या तिकिटांवर वर्षाचा मोठा गाडा चालतो. नवी रचना करणाऱ्या कलावंताला खुर्च्या रिकाम्या राहण्याची भीति न बाळगतां प्रयोग करतां येतो, तो त्या उंदरांच्या आणि शर्करापरीच्या जिवावर. कांहीं चोखंदळ रसिक ह्या बॅलेला नाकें मुरडतात. त्यांनीं आपल्या आवडीच्या नव्या रचनेचा खर्च कोणीं भरला तें एकदां विचारून घ्यावें. तरी ह्यांत धोकाहि आहेच. सगळा मळा एकाच विहिरीवर पिकवावयाचा म्हटल्यावर ती आटली तर काय, ही चिंता सुटत नाहीं. २०२० मध्यें महामारीनें अमेरिकेंतील बहुतेक नाट्यगृहांना टाळीं लागलीं, तेव्हां ह्या एका विहिरीवर किती घरें पाणी भरीत होतीं तें सर्वांना कळून चुकलें.

खेळाखेरीज मंडळी गांवासाठीं आणखी जें करते त्याची माहिती तिच्या जाहिरातींत शेवटीं, बारीक टाइपांत येत असेल. पण ती वाचण्यासारखी आहे. पडदा उघडण्यापूर्वीं त्या संध्याकाळच्या बॅलेवर एक छोटेंसें भाषण होतें. कथा काय, संगीत कोणाचें, पाहावें कशाकडे, हें आधीं समजतें. दुपारच्या कांहीं खेळांनंतर मुलांसाठीं शर्करापरीची मेजवानी असते; आतांच रंगभूमीवर पाहिलेलीं माणसें वेषासकट त्यांत येऊन भेटतात. लहान मुलांचा फार वेळ एका जागीं बसण्याचा स्वभाव नाहीं हें ओळखून, मोठे बॅले संक्षिप्त करून, निवेदकानें कथा सांगत सांगत, मंडळीचे तरुण नर्तक सादर करतात. हें सारें ठीकच आहे. मुलांना आवडतें आणि उद्यांचे प्रेक्षकहि तयार होतात.

परंतु ह्या सर्वांहून अधिक मोलाचें काम मंडळी शाळांत जाऊन करते. मुलांनीं शाळा अर्ध्यावर सोडूं नये ह्या हेतूनें तिनें एक उपक्रम चालविला आहे. त्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थ 'मला करतां येईल' असा आहे. नृत्यशिक्षक शाळेंत येतात आणि सबंध वर्गाला नाचावयास शिकवितात. सबंध वर्गाला, हें महत्त्वाचें. निवडक चार गुणवंतांना नव्हे. ज्याला गणित येत नाहीं तोहि रांगेंत, ज्याला सगळें येतें तोहि रांगेंत, आणि दोघांनाहि पाऊल एकाच ठोक्यावर पडावयास हवें. वर्षाच्या शेवटीं हीं मुलें आईबापांसमोर नाचतात. त्यांतील एखादें पुढें नर्तक होईल अशी अपेक्षा नसते. मागच्या बांकावर बसून बसून 'मला येत नाहीं' हें ज्याच्या तोंडीं पक्कें बसलें आहे, अशा मुलाला कांहीं तरी येतें हें त्याच्या वर्गापुढें, आणि त्याच्या मास्तरांपुढेंहि, सिद्ध होतें. मास्तरांना हा धडा अनेकदां विद्यार्थ्यांपेक्षां उशिरां समजतो.

वारसा जपावयाचा म्हणजे तो जसाच्या तसा कुलुपांत ठेवावयाचा काय, हा प्रश्नहि ह्या मंडळीपुढें आला. मिठाईच्या राज्यांत निरनिराळ्या देशांचीं नृत्यें आहेत. त्यांत एक चिनी. जुन्या काळच्या अमेरिकन रंगभूमीवर चिनी माणूस म्हणजे वांकून चालणारा, बोटें वर करून माना हलविणारा, हंसण्याचा विषय असे. ती छाया ह्या नृत्यावरहि पडलेली होती. प्रेक्षकांत चिनी वंशाचीं मुलें बसलेलीं असतांना असलें सोंग दाखवावें हें शोभत नाहीं, असें कलाप्रमुखांना वाटलें. परंतु दुसऱ्याच्या रचनेला हात लावावयाचा अधिकार तरी कोणाला? त्यांनीं ख्रिस्टेन्सेन घराण्याच्या वारसदारांकडे संमति मागितली, आणि २०१३ मध्यें विलमचें चिनी नृत्य काढून त्या जागीं ल्यूनें रचलेलें, योद्धा आणि महासर्प ह्यांचें नृत्य घातलें. बाहेरून परकें ठिगळ आणलें नाहीं. एका भावाच्या कामांतली उणीव दुसऱ्या भावाच्या कामानें भरून काढली. जुनें बदलूंच नये म्हणणारे आणि जुनें टाकूनच द्या म्हणणारे, दोघांनाहि ही तोड रुचली नसेल. पण ती विचारपूर्वक काढलेली होती ह्यांत संशय नाहीं.

२०१७ मध्यें पडदे, देखावे आणि वेष सगळेच नवे झाले. वर्षानुवर्षें वापरून जीर्ण झालेलें सामान बदलणें भागच होतें. पावलें मात्र विलमचींच ठेविलीं. हिमवर्षावाचा प्रवेश आला, कीं पांढऱ्या वेषांतील नर्तिका वाऱ्यानें फिरल्यासारख्या फिरतात आणि पडद्यामागून शब्दांवांचूनचें गाणें ऐकूं येतें. शर्करापरीच्या नृत्यांत सेलेस्टा हें वाद्य वाजतें. चायकोव्हस्कीनें पॅरिसला तें प्रथम ऐकलें, आणि दुसऱ्या कोणा रशियन संगीतकारानें आपल्या आधीं वापरूं नये म्हणून गुपचूप मागविलें होतें. एका बाईच्या अवाढव्य घागऱ्याखालून मुलांची टोळी बाहेर पडते आणि कोलांट्या घेऊं लागते, तेव्हां प्रेक्षागृहांतील प्रत्येक आईबाप तीं मुलें मोजून पाहतात. कारण त्यांतलें एक त्यांचें असण्याचा संभव असतो.

नाताळ उरकला आणि शेवटचा खेळ झाला, कीं वेष धुऊन, दुरुस्त करून ठेवावयाचे असतात. मुलांच्या वेषांना शिवतांनाच आंत जादा कापड दुमडून ठेवतात आणि पाठीवर आंकड्यांच्या दोन-तीन रांगा लावतात. कारण हा वेष पुढल्या वर्षीं कोणाच्या अंगावर चढेल हें शिवणाऱ्याला ठाऊक नसतें. यंदांच्या उंदराची दुमड उसवून पाहतात, आणखी एक इंच निघतो का तें अजमावतात. निघाला तर त्या मुलाला आणखी एक वर्ष मिळतें. नाहीं निघाला, तर तो शिपायांच्या रांगेंत जातो, आणि त्याचा उंदीर पानगळीच्या परीक्षेला येणाऱ्या दुसऱ्या कोणासाठीं खुंटीला टांगून ठेवितात.